पंचेचाळीस हजार वेळा उठवलेला प्रश्न

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, ११ मे २०२५

तीर्थस्वरूप चन्नूअण्णा यांस,

शरणु शरणार्थी. लांबून का होईना, तुमचे आणि शांतम्मावैनींचे पाय धरतो आणि मग लिहायला लागतो. इकडे सिद्धरामाच्या कृपेने, ऊन सोडलं तर, सगळं ठीक आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? सहा वर्षांत तुम्ही सोलापूरला पाऊल ठेवलं नाही, त्यामुळे कोणत्या पायाने ठेवलं नाहीत हेही विसरायला झालं.) साखर आटोक्यात आहे का? केळीला पाणी पुरतंय का? जेऊर स्टेशनची नोकरी संपली तरी गाडीची शिटी ऐकली की तुम्ही घड्याळ बघता, असं शांतम्मावैनी सांगत होत्या. तुम्हाला फोनच करणार होतो. पण निवृत्तीनंतर तुम्ही मोबाइल कपाटात धोतरांच्या खाली ठेवता आणि सोलापूरचा नंबर दिसला तर कपाटाला कुलूप लावता, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून पत्र. वाचताना मधेच कुणी हाक मारली तर कृपा करून परत पहिल्यापासून सुरू करू नका. थांबलात तिथून पुढे वाचा. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

मुद्द्याचं आधी लिहितो, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे ते राहून जाईल. येत्या शनिवारी, सतरा तारखेला, दुपारी चार वाजता आमच्या तंत्रनिकेतनातल्या तीन नंबरच्या लॅबचा वीजपुरवठा तोडणार आहेत. आतलं सामान भंगारात जाईल आणि तिथे नवा वर्ग होईल. त्या सामानात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या मल्लूअण्णांनी जाण्याच्या वर्षभर आधी चालू केलेला एक प्रोग्रॅम अजून जागा आहे. त्याने एक प्रश्न विचारलाय आणि तो उत्तराची वाट बघत बसलाय. शनिवारी चार वाजता तो उत्तराविना संपेल. ते तसंच होऊ द्यायचं का, एवढीच माझी अडचण आहे. तुम्ही त्यात काही करावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. मोठ्या भावाची वस्तू आहे, धाकट्याच्या कानावर असावी, इतकंच.

सुरुवात आमच्या वॉचमनपासून झाली. सिद्धूमामा म्हणतात त्यांना सगळे. दोन वर्षांनी निवृत्त होतील, तोपर्यंत गेटवरच्या खुर्चीतून उठणार नाहीत अशी त्यांची ख्याती. ते मागच्या सोमवारी भर दुपारी खुर्ची सोडून माझ्याकडे आले तेव्हाच मी समजलो की काहीतरी गंभीर आहे. म्हणाले, "सर, तीन नंबरात कुणीतरी हाय की." मी म्हटलं, पाच वर्षं कुलूप आहे मामा, उंदीर असेल. तर म्हणाले, "घड्याळ बघून खरडणारा उंदीर म्या तरी न्हाय बघितला. तासातासाला खरडतंय. एकदाच. खर्र करतंय आन् गप." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लॉकडाउनमदी मी एकलाच हुतो हितं. तवाबी खरडायचं. मी कुणाला सांगितलं न्हाय. म्हटलं, आपल्यासंगट कुणीतरी हाय तर असू दे."

हे शेवटचं वाक्य ऐकून, अण्णा, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात माझ्या पाठीवर काटा आला. ती लॅब मी टाळेबंदीनंतर उघडलीच नव्हती. छत गळायला लागलं म्हणून शिपायांनी चांगली यंत्रं दुसऱ्या इमारतीत नेली आणि हिच्यात मोडक्या खुर्च्या टाकल्या. वीज मात्र कुणी तोडली नाही, कारण शेजारच्या खोलीत निकालाचं यंत्र आहे, ते क्षणभरही बंद पडू नये म्हणून मोठ्या बॅटऱ्या आणि जनरेटर आहे, आणि दोन्ही खोल्यांची लाइन एकच. गावाची वीज गेली तरी तीन नंबरची जायची नाही. (त्या बॅटऱ्यांमध्ये दर महिन्याला पाणी मीच घालत होतो. पाच वर्षं मी कोणत्या दिव्यात तेल घालतोय हे मलाच माहीत नव्हतं.)

कुलूप उघडलं तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. आपल्या गावाकडे भर बाराला ओढ्याकाठी जायचं नाही म्हणून लहानपणी बजावलेलं, ते नेमकं आठवलं. सिद्धूमामा उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "तुमी व्हा म्होरं, मी हितं लक्ष ठिवतो." कशावर लक्ष ठेवणार ते त्यांनी सांगितलं नाही. आत खुर्च्यांचे पाय वर करून ठेवलेले, सगळ्यावर बोटभर धूळ, खिडकीच्या फटीतून उन्हाची एकच पट्टी. आणि त्या धुळीत एक बारीक घुमणारा आवाज, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. कोपऱ्यातलं यंत्र चालू होतं. त्याच्याजवळ जुना सुयांचा प्रिंटर, त्यात अजून कागद चढवलेला, आणि टेबलामागे घड्या पडत पडत साचलेला कागदाचा ढीग, माझ्या गुडघ्याएवढा. मी वाकून कागद बघतोय तोच बारा वाजले. प्रिंटरचं डोकं माझ्या नाकासमोरून खर्रकन गेलं आणि थांबलं. मी मागच्या खुर्च्यांवर पडलो, खुर्च्या एकमेकींवर पडल्या, आणि बाहेर सिद्धूमामा 'हर हर महादेव' म्हणून गेटच्या दिशेने पळाले. त्या वयात, त्या उन्हात, मी त्यांना पहिल्यांदाच पळताना पाहिलं.

कागद कोरा दिसत होता. रिबन पहिल्या उन्हाळ्यातच सुकली असणार. पण उन्हाच्या पट्टीत धरला तर सुयांचे ठसे दिसतात आणि बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. प्रत्येक ओळीवर एकच शब्द. इंग्रजी अक्षरांत, पण आपला. 'आहे.' त्याखाली 'आहे.' त्याखाली 'आहे.' पानंच्या पानं. मग मी पडद्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि तिच्यापुढे उत्तरासाठी चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. ती ओळ म्हणजे तो प्रश्न. तो काय आहे ते मी पत्राच्या शेवटी लिहीन. आत्ता लिहिला तर तुम्ही पत्र खाली ठेवाल अशी मला भीती आहे.

दुसऱ्या पडद्यावर जाऊन मी आत डोकावलो (एकाच यंत्रात असे पाचसहा पडदे उघडता येतात, हे मला मल्लूअण्णांनीच शिकवलं, मी नोकरीला लागलो तेव्हा मला माउस कोणत्या हाताने धरायचा तेही ठाऊक नव्हतं). तिथे लिहिलेलं होतं: मालक मल्लप्पा, सुरू केल्याची तारीख सोळा मार्च दोन हजार वीस, सकाळी अकरा, स्थिती झोपलेला. माणूस गेल्यावर आपण रेशनकार्डावरून नाव काढतो, बँकेतून काढतो. इथून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. सोळा मार्चला आम्हाला कॉलेज बंद करायचा हुकूम आला तो दिवस मला आठवतो. मल्लूअण्णा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते, हुकूम आला तसे फळा न पुसता बाहेर आले आणि म्हणाले, राहिलेलं आठवड्याने दाखवू.

काय दाखवायचं राहिलं होतं ते मी त्यांच्या फायलींमधून वाचून काढलं, आणि जमेल तितकं तुम्हाला सांगतो. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुमचं आयुष्य सिग्नलखाली गेलं. प्रोग्रॅमला कीबोर्डवरचं उत्तर हवं असलं की तो स्वतः बघत बसत नाही. यंत्राचा एक आतला कारभारी असतो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिला. तिला तो सांगतो, कुणी उत्तर टाइप केलं की मला उठव, आणि झोपतो. आता उत्तर यायच्या आत दुसरंच काही कारण निघालं तर? कुणी हाक मारली, गजर झाला? त्या हाकेलाही सिग्नलच म्हणतात. मल्लूअण्णांच्या प्रोग्रॅममध्ये दर तासाला गजर लावलाय. गजर झाला की कारभारी त्याला अर्ध्या झोपेतून उठवतो, तो प्रिंटरवर 'आहे' लिहितो. इथवर सोपं आहे. पण मग? उत्तर तर आलेलं नाही आणि झोप मात्र मोडली. त्याने पुढे काय करायचं?

याला दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत कारभारी त्याच्या हातात चिठ्ठी देतो: 'मधेच उठवलं गेलं, काम झालं नाही.' पुन्हा विचारायचं की नाही ते त्याने ठरवायचं. मल्लूअण्णांनी मुलांसाठी लिहून ठेवलंय की बरेच प्रोग्रॅम इथे फसतात, चिठ्ठीलाच उत्तर समजतात आणि निघून जातात. दुसरी रीत वेगळी. प्रोग्रॅम आपल्या कामात कोणत्या पायरीवर आहे याची एक खूण कारभाऱ्याकडे असते, पोथीत बोट ठेवावं तशी. त्याला शुद्धीवर आणण्याआधी कारभारी ते बोट हळूच मागे सरकवतो. फार नाही, दोन घरं. विचारण्याच्या नेमकं आधीच्या जागी. प्रोग्रॅम डोळे उघडतो, आपण आता विचारणार आहोत असं त्याला दिसतं, तो विचारतो आणि झोपतो. आपण हे आधीही विचारलंय हे त्याला ठाऊकच नाही. तुमच्याकडे गाडी आउटरला थांबते आणि झोपलेल्या प्रवाशाला पत्ता लागत नाही, तसं मी आधी समजत होतो. पण गाडी थांबली तिथून पुढे निघते. इथे झोपलेल्या प्रवाशाला उचलून परत फलाटावर उभं करतात, आणि त्याला वाटतं की आपण आत्ताच स्टेशनात आलो. आज सकाळपर्यंत हे पंचेचाळीस हजार एकशे सत्तर वेळा होत आलंय. (दिवसांना चोवीसने गुणलं. दोनचार इकडेतिकडे.) त्याच्या लेखी मात्र अजून सोळा मार्चची सकाळ आहे आणि प्रश्न एकदाच विचारलाय.

अण्णा, हे वाचल्यापासून मला स्वतःचा भरवसा वाटेनासा झालाय. गुरुवारी सकाळी लिंगपूजेला बसलो होतो, विभूतीचं बोट कपाळापाशी नेलं आणि बाहेरून दूधवाल्याने हाक मारली. उठलो, दूध घेतलं, परत बसलो. बोट कपाळापाशी होतं. लावून झालं होतं की लावायचं होतं, काही केल्या आठवेना. लावलं. तेवढ्यात पेपरवाला. तसा कॉलेजात गेलो तर आमच्या भुवनेश्वरी मॅडमनी विचारलं, "काका, आज नऊ पट्टे? काही विशेष आहे का?" आरशात बघितलं तर खरंच नऊ. मी तीनदा शुद्धीवर आलो होतो आणि तीनही वेळा पहिल्यांदाच विभूती लावत होतो. हसू येतं खरं, पण तिथे आरसा होता म्हणून कळलं. जिथे आरसा नसतो तिथे आपण किती वेळा मागे सरकवले जातो, कोण जाणे.

मग मी आणखी एक वेडेपणा केला. तो ढीग उलगडून पहिल्या ओळीपासून मोजत गेलो. एका पानावर सहासष्ट ओळी, त्यामुळे पानं मोजली की भागतं. एकशे सेहेचाळिसाव्या पानाची पहिली ओळ म्हणजे एकोणीस एप्रिल दोन हजार एकवीस, सकाळचे सहा. मल्लूअण्णा गेले ती वेळ. तेव्हा आपल्यापैकी कुणालाच तिथे जाता आलं नाही, तुम्हाला नाही, मला नाही, त्यांच्या दानेश्वरीवैनींनासुद्धा नुसतं दारातून बघता आलं. महापालिकेच्या माणसांनी माती दिली. त्या ओळीवर काहीतरी वेगळं असेल असं मला वाटत होतं. ओळ सुटलेली असेल, किंवा अक्षर हललेलं असेल. डोळे मिटून बोट फिरवलं. 'आहे.' आधीच्यासारखंच, पुढच्यासारखंच. मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. उठायला गेलो तर दोन्ही पाय बधिर झालेले, सिद्धूमामांनी धरून बाहेर आणलं. नुसतं म्हणाले, "हाय न्हवं?" मी म्हटलं, हाय.

भुवनेश्वरी मॅडम लॅबप्रमुख आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "काका, किल मारा आणि मोकळे व्हा, एका सेकंदाचं काम आहे." (प्रोग्रॅम संपवायच्या आज्ञेचं नावच तसं आहे, एवढ्या हुशार लोकांना दुसरा शब्द सुचू नये.) मी म्हटलं, मॅडम, तो काही वाईट करत नाही, नुसता विचारतोय. त्या म्हणाल्या, "मग उत्तर द्या की. काहीतरी टाइप करा आणि एंटर दाबा." मी दोनदा कीबोर्डवर हात ठेवला आणि दोन्ही वेळा काढून घेतला. प्रश्न मला विचारलेला नाही. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पाकीट फोडावं तसं वाटलं.

म्हणून यंत्र चालू ठेवूनच घरी आणायचं ठरवलं. म्हणजे वीज न तोडता, इन्व्हर्टरसकट, रिक्षाने. हसू नका. आधी रंगीत तालीम म्हणून एक बाद कॉम्प्युटर आणि घरचा इन्व्हर्टर घेऊन शुक्रवारी निघालो. रिक्षावाला म्हणाला, "चालू डबा हाय व्हय? पेटला तर गाडी कुणाची जाईल?" त्याला समजावलं, मांडीवर यंत्र घेतलं, पायात बॅटरी. नव्या पेठेत लग्नसराईची गर्दी, रिक्षा हलेना. इन्व्हर्टर जुना, नेमका एका सराफाच्या दुकानासमोर त्याने आचके द्यायला सुरुवात केली. पीं पीं पीं. सराफाचा माणूस शटर ओढायला धावला, साड्या घेणाऱ्या बायका पांगल्या, एक हवालदार आला आणि म्हणाला, मांडीवर काय आहे. मी म्हटलं, काही नाही, रिकामं आहे, तालीम आहे. हे उत्तर त्यांना आवडलं नाही. तेवढ्यात इन्व्हर्टर मेला आणि यंत्रही. हवालदाराने डबा उघडून आत धूळ पाहिली आणि माझ्या कपाळावरचे पट्टे पाहिले, मग सोडलं. घर अजून अर्धा किलोमीटर होतं. तेव्हा तो मार्ग बंद झाला. शनिवारचा प्रश्न जिथे आहे तिथेच मिटायला हवा.

एक गोष्ट राहिली. त्या दोन रीतींपैकी कोणती हवी ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक खूण लावून सांगायचं असतं. खूण नसेल तर चिठ्ठी, असेल तर बोट मागे. मल्लूअण्णांनी खूण लावली आहे, आणि तिच्याशेजारी, यंत्र वाचत नाही अशा जागी, स्वतःसाठी किंवा मुलांसाठी लिहून ठेवलंय: 'व्यत्यय येणारच. आपण परत विचारायचं नाही. प्रश्न तसाच राहू द्यायचा.' हे वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. तुम्हालाही येईल.

असो. पत्र फार लांबलं. दानेश्वरीवैनी बऱ्या आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा ओवतात आणि माझ्या शर्टाची राहिलेली बटणं शोधून काढतात. त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. शांतम्मावैनींना नमस्कार. उन्हात बागेत फार वेळ थांबू नका.

तुमचा मावसभाऊ,
शिवकुमार

ता. क. (रविवार, संध्याकाळ) : पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितो. वर मी लिहिलंय की तुम्ही काही करावं असं माझं म्हणणं नाही. ते खरं नाही. पडद्यावरची ओळ अशी आहे: 'चन्नू, ऊटा आयता?' एवढंच. जेवण झालं का. आपल्याकडे दारात कुणीही दिसला की जे आधी विचारतात ते. तुम्हाला तो दिवस सांगायला नको. बसवजयंतीचं जेवण, तुम्ही पानावर बसलेले, स्टेशनातून फोन आला म्हणून गॅलरीत गेलात, परत आलात तर ताट उचललेलं आणि जागा पुसलेली. आपल्या घरात पुसल्या जागी परत पान मांडत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आणि सगळ्यांनाच. आणि नेमकं तेव्हा मल्लूअण्णांनी पेपरातून मान वर न करता तुम्हाला हाच प्रश्न विचारला. त्यांना वाटलं तुमचं जेवण उरकलं. तुम्हाला वाटलं ते टोमणा मारतायत. तुम्ही चपला घातल्या. त्यानंतर वैनींनी किती वेळा सांगितलं असेल त्यांना, एक फोन करा म्हणून. ते म्हणायचे, "मी एकदा विचारलंय. उत्तर त्याच्याकडे आहे. दुसऱ्यांदा विचारणार नाही." दुसऱ्यांदा विचारलं नाहीच त्यांनी. पण थांबवलंही नाही, एवढं आता मला दिसतंय. पुढे काय छापायचं तेही त्यांनी लिहून ठेवलंय, मी वाचलं. उत्तर 'हो' आलं तर 'अजून थोडं घे.' 'नाही' आलं तर 'मग बस.' दोन्हींपैकी काहीही चालेल, अण्णा, पण टाइप तुम्ही करायला हवं. शनिवारी चारच्या आत या. सकाळची गाडी धरलीत तरी दुपारपर्यंत पोचाल.

ता. क. दुसरं (सोमवार सकाळ) : रात्रभर हे पाकीट उशाशी होतं, आणि जे लिहायला खरं पत्र घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही. ताट मल्लूअण्णांनी उचललं नाही. वैनींनीही नाही. मी उचललं. गॅलरीतून तुम्ही फोनवर 'निघतो, आत्ताच निघतो' म्हणालात ते मी ऐकलं आणि मला वाटलं तुम्ही पानावरून उठलातच. गव्हाची गोड हुग्गी अर्धी होती, एण्णेगाईचं एक अख्खं वांगं तसंच होतं. पानात प्रसाद टाकलेला माझ्याने बघवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताट आत नेलं, बाहेर येऊन ओल्या फडक्याने जागा पुसली, आणि मग मोरीपाशी उभं राहून तुमचं वांगं खाल्लं. बाहेर तुमचा आवाज चढला तेव्हा तोंडात घास होता म्हणून बोलता आलं नाही. घास गिळल्यावर बोलायला हवं होतं. गिळून सहा वर्षं झाली. तुम्ही गेल्यावर मल्लूअण्णा पाणी घ्यायला आत आले, त्यांनी मला ताटासकट पाहिलं. माझ्याकडे बघितलं, तांब्या भरून घेतला आणि बाहेर गेले. तुम्हाला, वैनींना, कुणालाच त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेहमीसारखं शिकवायला बसले. रागवायचं असेल तर ते माझ्यावर रागवा, आणि इथे येऊन रागवा. वैनींना मी आज दुपारी सांगणार आहे. त्या काय करतील ते माहीत नाही, पण शनिवारी स्वयंपाक तुमच्यासाठी त्याच करतील, एवढं माहीत आहे.

ता. क. तिसरं : गेटवर माझं नाव सांगू नका. सिद्धूमामा रजिस्टर पुढे करतील, ओळखपत्र मागतील, अर्धा तास त्यातच जाईल. मल्लप्पा सरांना भेटायचंय म्हणा. लगेच आत सोडतील.